लाल फुली आणि शिट्टी मारणारं बदक



आज टाचण नाही, कृतिपत्रिकाही नाही. माझ्या हातून झालेली एक चूक लिहायची आहे. त्या चुकीमुळे मला एका बदकाची ओळख झाली, म्हणून बदकाविषयीही बरंच येईल. वर्गात पक्ष्यांचा पाठ घेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं.

माझी शाळा दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. उजनीचा फुगवटा भरला की पाणी गावाच्या शिवारापर्यंत येतं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. वर्ष २०२३-२४. ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्राची चाचणी होती. चौथीच्या परिसर अभ्यासाचा पेपर मीच काढला होता. त्यात एक तक्ता होता: प्राणी किंवा पक्षी, त्याचा आवाज आणि तो कुठे राहतो. गाय हंबरते, गोठ्यात राहते. चिमणी चिवचिव करते, घरट्यात राहते. बदकापुढच्या दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या. मला हवं असलेलं उत्तर होतं 'क्वॅक क्वॅक' आणि 'खुराड्यात'. 'पाण्याजवळ' लिहिलं तरी मी मार्क दिले असते.

एका मुलीनं लिहिलं होतं, 'शिट्टी मारते' आणि 'झाडाव'.

तिचं नाव लिहीत नाही, मुलांची नावं अशी जाहीर करू नयेत असं माझं मत आहे. वर्गात ती मागच्या रांगेत बसायची. वाचन अडखळत. मधूनमधून गैरहजर. आपल्या सगळ्यांच्या वर्गात अशी एक-दोन मुलं असतात आणि त्यांच्या वहीकडे आपण जरा घाईनंच बघतो. मी दोन्ही उत्तरांवर लाल फुल्या मारल्या आणि बाजूला लिहिलं, 'लक्ष देऊन लिही'.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पेपर वाटताना मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. "ऐका रे, आपल्याकडचं बदक शिट्टी मारतं म्हणे! आणि झाडावर राहतं!" वर्ग हसला, मी पण हसले. पुढचे दोन-तीन दिवस मधल्या सुट्टीत पोरं तिला बघून शिट्ट्या मारत होती. मी त्यांना रागावले, ते शिट्टी मारणं वाईट म्हणून. सुरुवात माझ्यापासून झाली होती हे तेव्हा ध्यानातसुद्धा आलं नाही.

डिसेंबरच्या चाचणीत मी तोच तक्ता पुन्हा घातला. (खरं सांगायचं तर पेपर काढायला वेळ नव्हता.) या वेळी तिनं लिहिलं, 'क्वॅक क्वॅक' आणि 'खुराड्यात'. अक्षर आधीपेक्षा नीट. मी दोन्हीला बरोबरची खूण केली आणि नोंदवहीत लिहिलं, 'प्रगती दिसते'.

जानेवारीत ती सलग पाच दिवस आली नाही. आमच्याकडे पाच दिवस म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण ऊसतोडीचा हंगाम चालू असतो आणि कधी कुठलं मूल कुणाबरोबर जाईल सांगता येत नाही. शाळा सुटल्यावर मी गृहभेटीला गेले. तिचं घर गावात नाही, पाण्याच्या कडेला आहे. वडील मासेमारी करतात. उजनीत आता जाळ्यात जास्त करून चिलापी येते. तीच भिगवणच्या मासळी बाजारात जाते आणि तिच्यावरच त्यांचं घर चालतं. आईला ताप होता आणि धाकटा भाऊ लहान, म्हणून ही घरी. एवढंच कारण होतं. मी आल्याचं बघून तिनं पळत जाऊन चटई आणली, आईनं पडल्यापडल्याच चहा ठेवायला सांगितलं. मी नको म्हणत होते, पण तसं निघता येत नाही.

चहा होईपर्यंत दिवस मावळला. पाणी आधी तांबूस झालं, मग शिशासारखं. तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी गेलं आणि आवाज आला. बारीक, थोडा घोगरा, दोन तुकड्यांचा, जणू शिट्टी वाजवणाऱ्याला धाप लागली आहे. 'सी-सिक, सी-सिक'. एकामागून एक पाच-सहा. मग पलीकडून आणखी.

मी तिला विचारलं, "काय गं हे?"

ती खाली बघायला लागली. "काय नाय मॅडम."

वडील जाळं आवरत होते, ते म्हणाले, "बदकं हायत ती. शिट्टीवाली. रातीची चरायला निघत्यात."

मी तिच्याकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "क्वॅक क्वॅक म्हणत्यात ती, मॅडम."

डोक्यावरून शिट्ट्या चालू होत्या आणि ही पोरगी मला बरं वाटावं म्हणून क्वॅक क्वॅक म्हणत होती. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला काही बोलू शकले नाही. वडिलांना विचारलं, "झाडावर बसतात का हो ही?" ते म्हणाले, "बसत्यात की. त्या चिंचेला ढोली हाय, पावसाळ्यात तिथंच असत्यात. पिल्लं निघाली की वरनंच खाली उड्या टाकत्यात." मग जरा थांबून, "आमी मारत नाय हां मॅडम. जाळ्यात गुतलं तर सोडून देतो." मी वन खात्याची नाही, शाळेची आहे, हे त्यांना ठाऊक होतं, तरी हे सांगावंसं वाटलं. रानबदकं मारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. पाण्यावर पोट असणाऱ्या माणसाला परकं माणूस पक्ष्यांविषयी विचारायला लागलं की आधी भीती वाटते. पालकांशी बोलताना हे मी तेव्हापासून लक्षात ठेवते.

गाडीवरून घरी येताना आणखी एक गोष्ट आठवली. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, चिंचणीच्या घोड धरणाच्या कालव्याखालचं गाव. लहानपणी रात्रीची लाईट असली की दादा, म्हणजे माझे वडील, उसाला दारं धरायला जायचे आणि कधीकधी मी हट्टानं बरोबर जायची. बांधावर गोधडीत बसलेली असताना वरून असाच आवाज जायचा. मी घाबरून घरी आल्यावर आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "काय नाय गं, पाखरं जात्यात पाण्याव." म्हणजे हा आवाज मी ऐकला होता. पुढे शाळा झाली, डी.एड. झालं, 'बदक क्वॅक क्वॅक करते' हे इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की बांधावरचा आवाज पुसला गेला.

घरी येऊन शोधायला बसले. पहिला प्रयत्न चुकला, तेही सांगते. अंधारात मला फक्त तपकिरी रंग दिसला होता, म्हणून मी ठरवलं की हा चक्रवाक. चक्रवाक, म्हणजे ब्राह्मणी बदक, आपल्याकडे हिवाळ्यात येतो हे मला माहीत होतं. पण तो बराच मोठा, नारिंगी अंगाचा, फिकट डोक्याचा, आणि उडताना पंखावर मोठा पांढरा पट्टा दिसतो. आवाजही मोठा, भोंग्यासारखा. शिवाय तो झाडावर बसून रात्री शिट्ट्या मारत नाही. पुढच्या रविवारी केंद्रातल्या एका शिक्षकांकडून दुर्बीण मागून आणली आणि सकाळी पुन्हा त्याच काठाला गेले. या वेळी ती मुलगी बरोबर होती. तिनंच दाखवलं. काठाच्या पाणगवताला लागून दहा-बारा जणांचा थवा, बहुतेक झोपलेले.

ही अडई. पुस्तकात छोटी अडई किंवा नुसतंच अडई असं नाव सापडतं. हिंदीत सिल्ही म्हणतात, बंगालीत सराल. शास्त्रीय नाव डेंड्रोसिग्ना जावानिका. यातला पहिला शब्द मला फार आवडला. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड आणि लॅटिनमध्ये सिग्नस म्हणजे हंस. झाडावरचा हंस! जावा बेटावरून पुढचं नाव पडलं. १८२१ मध्ये हॉर्सफील्ड नावाच्या अभ्यासकानं हे पुढचं नाव दिलं. म्हणजे 'झाडाव' हे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपासून त्या पक्ष्याच्या नावातच लिहिलेलं आहे, आणि मी त्यावर फुली मारली होती.

ओळखायची कशी ते जरा सविस्तर सांगते, कारण फोटो बघून आपली गल्लत होते. अडई कावळ्याएवढी किंवा किंचित कमी. रंग एकूण तपकिरी, लांबून बघितलं तर मातीचाच. डोक्यावर गडद टोपी घातल्यासारखं, मान बदकाच्या मानानं लांब आणि सडपातळ, चोच करडी-काळी. जवळून बघितलं तर डोळ्याभोवती बारीक पिवळसर कडं दिसतं. पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तांबूस, विटकरी रंग, ही मोठी खूण. उडताना पंख रुंद, गोलसर टोकांचे आणि गडद दिसतात, मान खाली झुकलेली आणि पाय शेपटीच्या मागे बाहेर आलेले. इतर बदकं बाणासारखी जातात. ही जरा कुबड काढल्यासारखी, सावकाश पंख मारत जाते. एकदा तो कुबडा आकार डोळ्यांत बसला की अंधारातही ओळखते, आवाज नसला तरी.

आवाजाचं म्हणाल तर ती उडताना सतत बोलते. म्हणूनच रात्री न दिसताही कळते. या कुळातली बदकं शिट्टी घालतात, क्वॅक करत नाहीत. इंग्रजीत त्यांचं नावच शिट्टी मारणारी बदकं असं आहे. जगात त्यांच्या आठ जाती आहेत, त्यातल्या दोन भारतात. दुसरी मोठी अडई. ती आकारानं थोडी मोठी, तिच्या शेपटीच्या मुळाशी विटकरीऐवजी मळकट पांढरा रंग, मानेच्या मागून गडद रेघ आणि कुशीला पांढुरके फराटे. आपल्या भागात दिसली तर छोटीच असण्याची शक्यता जास्त, पण शेपटीचं मूळ बघितल्याशिवाय वहीत लिहू नये.

नर-मादी वेगळी ओळखता येत नाहीत. हे मुलांना सांगण्यासारखं आहे, कारण पुस्तकातल्या चित्रांमुळे त्यांना वाटतं की नर नेहमी रंगीत आणि मादी साधी. अडईचे आई-बाप दिसायला सारखे, आणि दोघंही पिल्लं सांभाळतात. हिरव्या डोक्याच्या प्रसिद्ध बदकाचा नर अंडी उबवायच्या वेळी निघून जातो, अडईचा नर राहतो. वर्गात हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "चांगलं हाय की मग." बाकी काही बोलली नाही. तिच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, मीही पुढे गेले.

घरटं पावसाळ्यात. झाडाची ढोली मिळाली तर ढोलीत, नाहीतर फांद्यांच्या बेचक्यात, कधी बगळ्याच्या किंवा कावळ्याच्या जुन्या घरट्यात, कधी सरळ पाणगवतात जमिनीवर. अंडी साधारण सात ते बारा, पांढरी. पिल्लं तीनेक आठवड्यांनी निघतात आणि आईबापांच्या हाकेवर ढोलीतून खाली उडी टाकतात. अजून पंख फुटलेले नसतात, पण वजन कापसासारखं, म्हणून लागत नाही. वडिलांनी सांगितलेलं तंतोतंत खरं होतं. मग ती पाण्याकडे चालत जातात. वाटेत रस्ता, कुत्री, आणि आता प्लास्टिकची शेततळी. प्लास्टिकचा कागद गुळगुळीत असतो, त्यात उतरलेलं पिल्लू वर चढू शकत नाही. शेततळं असणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, एका कोपऱ्यात जुनं जाळं किंवा दोरीला गाठी मारून सोडून ठेवा. पाखरंच कशाला, साप, मुंगूस, कुत्र्याचं पिल्लूही त्यावरून वर येतं. आणि देव न करो, एखादं मूलही.

दिवसा अडई जास्त करून आराम करते, चरते रात्री. पाणवनस्पती, धान्य, गवताचं बी, गोगलगायी, छोटे मासे, किडे. भातखाचरं तिला आवडतात. म्हणून भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांकडे, म्हणजे माजी मालगुजारी तलावांकडे ती आपल्यापेक्षा सहज दिसते. मारुती चितमपल्ली सरांनी ज्या नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून काम केलं, तो हाच तलावांचा मुलूख. आपल्याकडे भात नाही, ऊस आहे. तरी कालवे, पाझर तलाव आणि धरणाच्या कडेचं पाणगवत यावर तिचं भागतं.

आणि एक गैरसमज. आमच्याकडे कुठलंही पाण्यातलं पाखरू दिसलं की 'परदेशी पाहुणे' म्हणायची सवय आहे. भिगवण, कुंभारगावकडे हिवाळ्यात पुण्याच्या गाड्या येतात, त्या रोहितसाठी, म्हणजे फ्लेमिंगोसाठी. नाववाले चांगले फिरवतात, चार पैसे मिळतात, त्याबद्दल आनंदच आहे. पण अडई पाहुणी नाही. ती इथलीच, उष्ण प्रदेशातली, भारतापासून जावापर्यंत राहणारी. पाणी कमी-जास्त होईल तशी जागा बदलते, इतकंच. चक्रवाक आणि पट्टकादंब हंस हिमालयाच्या पलीकडून येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. अडई आणि हळदी-कुंकू बदक बारा महिने इथे.

हळदी-कुंकवाचं नाव मुद्दाम घेतलं. ज्यांना वर्गात एकच बदक शिकवायचं आहे त्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी. चोच काळी, टोकाला हळदीचा पिवळा ठिपका आणि कपाळाजवळ चोचीच्या मुळाशी दोन लाल टिकल्या. या नावावरून मुलं एका दिवसात ते बदक ओळखतात. आणि हो, हळदी-कुंकवाची मादी खरंच क्वॅक क्वॅक करते. पुस्तकातलं पांढरं पाळीव बदक मूळ त्या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून माणसानं तयार केलेलं, तेही क्वॅक करतं. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतं. ते एका बदकाचं उत्तर होतं आणि मी ते सगळ्या बदकांना लावलं होतं.

दोन फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून. आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, २०२० साली जाहीर झालं. त्या दिवशी मी तिसरी-चौथीला काठावर नेलं. सहशिक्षकांनी पहिली-दुसरी सांभाळली. पालकांची परवानगी, दोरी, शिट्टी (माझी, प्लास्टिकची), आणि पाण्यापासून वीस पावलं लांब थांबायचं असा नियम. बरोबर दुर्बीण एकच, म्हणून प्रत्येकाला मोजून दहा आकडे. बाकीच्या वेळी नुसत्या डोळ्यांनी बघून वहीत लिहायचं: मान कशी, चोच कुठल्या रंगाची, शेपटीचं मूळ कसं, कुठे बसलंय, आवाज कसा. नाव लिहायचं नाही. नाव सगळ्यात शेवटी. हा नियम मी स्वतःसाठीच केला होता, चक्रवाक प्रकरणानंतर.

पोरांनी जे लिहिलं ते वाचण्यासारखं होतं. एकानं मानेपुढे लिहिलं, 'बाटलीच्या तोंडासारखी'. दुसऱ्यानं रंगापुढे 'भाजलेल्या शेंगदाण्याचा'. मला इतक्या वर्षांत अडईच्या रंगाला यापेक्षा चांगला शब्द मिळालेला नाही. एक जण वारकरी पक्ष्यालाच बदक म्हणून अडून बसला होता. त्याला मी खोडून काढलं नाही, पांढरं कपाळ नीट बघून ये म्हटलं, आणि मग चोच कोंबडीसारखी टोकदार आहे हे त्यानंच येऊन सांगितलं.

ती मुलगी एकटी बाजूला उभी होती. मी तिला पुढे बोलावलं नाही. आधीच पुढे ओढून आम्ही तिचं नुकसान केलं होतं. थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आता उठतील." आणि थवा उठला. शिट्ट्या मारत आमच्या डोक्यावरून गेला. जी पोरं ऑक्टोबरमध्ये तिला चिडवत होती, तीच तिच्याभोवती गोळा झाली. "तुला कसं कळलं गं?" ती म्हणाली, "सगळ्यांनी माना वर केल्या की." पुढचे दोन थवे पोरांनी तिच्या सांगण्यावरून ओळखले. एकदा तिचाही अंदाज चुकला, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संचिकेतून तिचा ऑक्टोबरचा पेपर काढला. वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की हे उत्तर मी चूक दिलं होतं, ते बरोबर आहे, आणि मी वर्गात हसले हेही चूक झालं. माझ्या फुल्यांवर रेघ मारली, शेजारी बरोबरची खूण केली, दोन मार्क वाढवले आणि खाली सही केली. मुलांपुढे माफी मागताना घसा कोरडा पडतो, हे ज्यांनी मागितली असेल त्यांना माहीत असेल. एका शिक्षकमित्रांनी नंतर मला सांगितलं की असं केलं तर पोरं डोक्यावर बसतील. अजून तरी बसलेली नाहीत. नोंदवहीतलं 'प्रगती दिसते' मात्र खोडता आलं नाही, ती वही वरती गेली होती.

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिनं पेपर घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मग डिसेंबरच्या पेपरातलं चूक का?"

मी म्हटलं, नाही, तेही बरोबर, ते दुसऱ्या बदकाचं. हळदी-कुंकवाचं. खुराड्यातल्या पांढऱ्या बदकाचं.

तिनं विचार केला. "मग मॅडम, कुठलं बदाक ते प्रश्नात लिवायला पायजे होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी पेपरातून काढून टाकला आहे. आता विचारते, 'तू स्वतः पाहिलेल्या एका पक्ष्याबद्दल चार ओळी लिही. कुठे पाहिला, ते लिहायला विसरू नकोस.' तपासायला वेळ लागतो. कधीकधी उत्तर बरोबर की चूक हे मलाच बघून यावं लागतं. पुस्तक जवळ असावं. चितमपल्ली सरांचा पक्षीकोश मराठी नावांसाठी चांगला आहे. आपल्या शासनानं त्यांच्या आणि सलीम अलींच्या वाढदिवसांना जोडून पाच ते बारा नोव्हेंबर पक्षी सप्ताह ठरवला आहे, तेव्हा शाळेसाठी निमित्त आयतंच मिळतं. पण पुस्तकाआधी वर्गात कुणाचं घर पाण्याजवळ आहे, कुणाचे आजोबा मेंढरं घेऊन फिरतात, हे विचारावं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि उजनी पूर्ण भरली नव्हती. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं. पोरांना 'मायनस म्हणजे पाणी संपलं का' असा प्रश्न पडला, तेव्हा तोही पाठ झाला. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्याला न सोडता येणारं. वरचा वापरायचा साठा संपला की शून्य, त्याखाली मायनस. त्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला. काठ लांब सरकला. तिच्या वडिलांना होडी आणि बिऱ्हाड दोन्ही खाली न्यावं लागलं. अडई दिसेनाशा झाल्या. चिंचेची ढोली रिकामी होती, पण तिथून पाणी इतकं लांब गेलं होतं की तिथे घरटं करण्यात अर्थच उरला नव्हता.

जूनमध्ये ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये धरण भरलं, पाणी पुन्हा शिवाराला लागलं. त्यानंतर एका रात्री साडेनऊला तिच्या वडिलांच्या नंबरवरून व्हॉट्सअॅपवर आवाजाची एक फाईल आली, अकरा सेकंदांची. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. वारा खूप आहे, मध्येच कुत्रं भुंकतं, पण नीट कान दिला तर दोनदा ऐकू येतं.